आयताची एक बाजू माहीत नाही आणि आकडे अपूर्णांकात आहेत: बाजू शोधायची कशी?

आयताचं क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, रुंदी ४ मीटर, तर लांबी किती? सहा मीटर, हे उत्तर विचार न करताच तोंडातून येतं. तोच प्रश्न 'क्षेत्रफळ ८ ३/४ चौरस मीटर, रुंदी २ १/२ मीटर' असा आला की पेन थबकतं. गणित मात्र तेच आहे. मघाशी भागाकार होता, आताही भागाकारच आहे. गाडी आयतापाशी अडत नाही, ती अपूर्णांकापाशी अडते: कोणता उलटा करायचा, पूर्णांक कुठे न्यायचा, उत्तर मोठं आलं तर चुकलं का. म्हणून या लेखात सूत्रांवर थोडं आणि हाताळणीवर जास्त लिहिलं आहे.

वाचताना एवढं लक्षात असू द्या: '८ ३/४' म्हणजे आठ पूर्णांक तीन छेद चार, बोलीत पावणेनऊ. आठ आणि तीन यांच्यातली जागा महत्त्वाची आहे. ती गेली की ८३/४ होतं, म्हणजे वीसच्याही वर. वहीत पूर्णांक मोठा आणि अपूर्णांक आडव्या रेघेचा, उभा लिहिलात तर हा घोळ होत नाही.

## काय काय लागेल

चौकटीची वही, शिसपेन्सिल, पट्टी. दहापर्यंतचे पाढे चोख हवेत, कारण लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) आणि काटछाट (अंश आणि छेद एकाच संख्येने भागून लहान करणं) दोन्ही त्यांच्यावर चालतात. कॅल्क्युलेटर शेवटी ताळ्यापुरता ठेवा, आधी नको. कारण पुढे येईल.

सूत्रं दोनच:

- क्षेत्रफळ = लांबी × रुंदी
- परिमिती = २ × (लांबी + रुंदी)

बाकी सगळं यांच्याच पोटात आहे.

## पायरी १: नक्की काय दिलंय ते ओळखा

आकृती काढा. अगदी साधी, पण काढाच. माहीत असलेल्या बाजूवर तिचं माप लिहा, नसलेल्या बाजूवर प्रश्नचिन्ह टाका. क्षेत्रफळ दिलं असेल तर तो आकडा आयताच्या पोटात लिहा. परिमिती दिली असेल तर आयताबाहेर लिहा आणि कडेभोवती एक बाण फिरवा. ही सवय लहान वाटते, पण परिमितीला बाजूने भागत बसण्याची चूक तिच्यामुळे जागीच थांबते.

ओळखायची खूण एककात असते. 'चौरस' हा शब्द असेल तर क्षेत्रफळ. नुसता मीटर, सेंटीमीटर, फूट असेल आणि 'भोवती', 'कडेने', 'कुंपण', 'चौकट' असे शब्द आले असतील तर परिमिती. क्षेत्रफळ दिलं असेल तर भागाकार करायचा. परिमितीला आधी अर्धं करायचं आणि मग वजाबाकी.

लांबी नेहमी रुंदीपेक्षा मोठीच हवी असं काही नाही. उदाहरणात 'रुंदी' म्हणून दिलेली बाजू जास्त लांब निघाली म्हणून उत्तर खोडू नका. बाजूंना ही नावं सोयीसाठी दिलेली असतात.

## पायरी २: एककं एक करा

क्षेत्रफळ १/२ चौ. मी. आणि रुंदी ४० सें. मी. अशी जोडी आली तर आधी एकक जुळवा. ४० सें. मी. म्हणजे ४०/१००, संक्षेप करून २/५ मी. मग लांबी = १/२ ÷ २/५ = १/२ × ५/२ = ५/४, म्हणजे १ १/४ मी.

याच ठिकाणी फसगत होते. १ मी. = १०० सें. मी. हे पाठ असतं, म्हणून १ चौ. मी. = १०० चौ. सें. मी. असं समजून १/२ चौ. मी. चे ५० चौ. सें. मी. केले जातात. ५० ÷ ४० = १ १/४. आकडा तोच आला, पण आता तो सेंटीमीटरमध्ये आहे. चाळीस सेंटीमीटर रुंद आणि सव्वा सेंटीमीटर लांब असा अर्धा चौरस मीटर! खरं म्हणजे १ चौ. मी. = १०० × १०० = १०,००० चौ. सें. मी. अर्ध्याचे झाले ५,०००. ५,००० ÷ ४० = १२५ सें. मी. सव्वाशे सेंटीमीटर म्हणजेच सव्वा मीटर. (सव्वाशे, दीडशे, अडीचशे सेंटीमीटरचं मीटरमध्ये रूपांतर आपली भाषा फुकटात करून देते. नुसता 'शे' काढून टाकायचा.)

फूट-इंचात आणखी एक खड्डा आहे. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ फूट नव्हे. बारा इंचांचा फूट, म्हणून ५ ६/१२, अर्थात ५ १/२ फूट. ९ इंच म्हणजे ९/१२ = ३/४ फूट. आणि १ चौ. फूट म्हणजे १४४ चौ. इंच, १२ नव्हेत.

## पायरी ३: भागाकाराआधी अंदाज बांधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नेमक्या ज्या चुका ती पकडते त्याच चुका उत्तरपत्रिकेत राहतात.

क्षेत्रफळ ८ ३/४, रुंदी २ १/२. क्षेत्रफळ ८ आणि ९ च्या मध्ये आहे, रुंदी २ आणि ३ च्या मध्ये. लांबी जास्तीत जास्त ९ ÷ २ = ४ १/२ पेक्षा कमी, आणि कमीत कमी ८ ÷ ३ = २ २/३ पेक्षा जास्त. म्हणजे उत्तर पावणेतीनच्या जवळपासपासून साडेचारच्या आत कुठेतरी असणार. हा अंदाज समासात लिहून ठेवा. पुढे २/७ किंवा ५ १/२ असलं काही आलं की समासाकडे एक नजर टाकली तरी पुरे.

दोन्ही आकडे एकापेक्षा लहान असतील तर अंदाजासाठी एकच प्रश्न विचारा: रुंदी १ पेक्षा कमी आहे का? कमी असेल तर लांबीचा आकडा क्षेत्रफळाच्या आकड्यापेक्षा मोठा येणार. भागाकार केला की संख्या लहान होते, ही समजूत पूर्ण संख्यांच्या गणितांनी लावलेली सवय आहे. पाऊण मीटर रुंदीच्या आयताला तेवढंच क्षेत्रफळ गाठायला एक मीटर रुंदीच्या आयतापेक्षा जास्त लांब व्हावं लागतं.

## पायरी ४: पूर्णांकयुक्त अपूर्णांक मोडा

भागाकार किंवा गुणाकार करण्याआधी प्रत्येक पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं अंशाधिक रूप करा, म्हणजे अंश छेदापेक्षा मोठा असलेला एकच अपूर्णांक. पूर्णांक गुणिले छेद, अधिक अंश. छेद तोच राहतो.

- ८ ३/४ = (८ × ४ + ३)/४ = ३५/४
- २ १/२ = (२ × २ + १)/२ = ५/२

पूर्ण संख्या असेल तर तिच्याखाली १ छेद लिहा: ५ = ५/१. हा एक फालतू वाटतो, पण उलटा करायची वेळ आली की तोच वाचवतो. क्षेत्रफळ ७/८ आणि रुंदी ३ असेल तर ७/८ ÷ ३/१ = ७/८ × १/३ = ७/२४. एक न लिहिणारा घाईत ३ ने गुणून मोकळा होतो.

आता न मोडता 'पूर्णांकाला पूर्णांकाने, अपूर्णांकाला अपूर्णांकाने' भागलं तर काय होतं ते पाहा. ८ ÷ २ = ४, आणि ३/४ ÷ १/२ = १ १/२. बेरीज ५ १/२. समासातला अंदाज साडेचारच्या आत होता, म्हणजे चूक पकडली गेली. चुकतं कुठे? ८ ३/४ ला २ १/२ ने भागायचं तर ८ लाही २ १/२ नेच भागायला हवं, नुसत्या २ ने नाही. भाज्याचे तुकडे करायला हरकत नाही, भाजकाचे करता येत नाहीत.

बोलीतल्या अपूर्णांकांचाही इथेच सांभाळ करावा लागतो. सव्वादोन म्हणजे २ १/४, अडीच म्हणजे २ १/२, यांत कोणी चुकत नाही. पण पावणेतीन ऐकलं की हात ३ ३/४ लिहितो. 'पावणे' म्हणजे पाव उणे. पावणेतीन = ३ − १/४ = २ ३/४. ३ ३/४ हे पावणेचार. तोंडी सांगितलेलं माप कागदावर उतरवताना हे एकदा मनात म्हणून घ्या, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं.

## पायरी ५: भागा

भाजक उलटा करा आणि गुणा. भाजक म्हणजे भागाकाराच्या चिन्हानंतरचा, आपल्या बाबतीत माहीत असलेली बाजू. उलटा करणं म्हणजे अंश-छेदाची अदलाबदल, पुस्तकी भाषेत गुणाकार व्यस्त घेणं.

३५/४ ÷ ५/२ = ३५/४ × २/५

आता काटछाट. ३५ आणि ५ ला ५ ने भाग जातो: ७ आणि १. २ आणि ४ ला २ ने भाग जातो: १ आणि २. उरलं ७/२. लांबी = ३ १/२ मी. साडेतीन. अंदाजात बसलं.

काटछाट न करता ७०/२० लिहून नंतर संक्षेप केला तरी चालतं. मात्र मोठे आकडे आले की पाढ्यांची दमछाक होते, म्हणून आधी काट मारणं बरं.

### उलटा का करायचा?

'उलटा करून गुणा' हे मंत्रासारखं पाठ असतं आणि म्हणूनच अर्ध्या वेळा चुकीचा अपूर्णांक उलटा होतो. चौकटीच्या वहीवर एकदा करून पाहिलं की मंत्र लागत नाही.

क्षेत्रफळ ५/८ चौ. मी., रुंदी ३/४ मी. घ्या. एक आयत काढा. उभी बाजू ही रुंदी, ३/४ मी. आडवी बाजू माहीत नाही. उभ्या बाजूचे तीन सारखे भाग करा आणि दोन आडव्या रेघा मारा. तीन पट्ट्या झाल्या, प्रत्येक १/४ मी. रुंद. ५/८ तिघींत सारखं वाटलं गेलं, म्हणून एका पट्टीचं क्षेत्रफळ ५/८ ÷ ३ = ५/२४.

आता खाली त्याच मापाची चौथी पट्टी जोडा. ही तुटक रेघेने काढा, म्हणजे मूळ आयत वेगळा दिसेल. चार पट्ट्यांची मिळून रुंदी झाली ४/४, म्हणजे अख्खा १ मीटर. क्षेत्रफळ झालं ४ × ५/२४ = २०/२४ = ५/६ चौ. मी.

रुंदी बरोबर १ मीटर असलेल्या आयतात क्षेत्रफळाचा आकडा आणि लांबीचा आकडा एकच असतो. आणि या सगळ्यात आडव्या बाजूला आपण हातही लावलेला नाही. म्हणून मूळ आयताची लांबीही ५/६ मी.

काय केलं? ३ ने भागलं आणि ४ ने गुणलं. म्हणजेच ४/३ ने गुणलं. ३/४ उलटा होतो तो एवढ्यासाठी: रुंदीला 'एक' करायचं असतं. उलटी व्हायची ती रुंदीच, हेही यातून कळतं. क्षेत्रफळाला उलटं करायचं काही कारणच नाही.

### दुसरी वाट: छेद सारखे करा

उलटं करायचा कंटाळा असेल किंवा विश्वास बसत नसेल तर दोन्ही अपूर्णांक समच्छेद करा आणि फक्त अंशांना भागा.

३५/४ ÷ ५/२ = ३५/४ ÷ १०/४ = ३५ ÷ १० = ३ १/२

५/८ ÷ ३/४ = ५/८ ÷ ६/८ = ५ ÷ ६ = ५/६

छेद सारखा झाला की दोन्हीकडे एकाच मापाचे तुकडे आहेत: ३५ पाव आणि १० पाव. पावांना पावांनी भागलं की 'पाव' निघून जातो. नव्याने शिकणाऱ्यांना ही वाट जास्त उमजते असं माझं मत आहे. उलट करण्याची रीत वेगाने होते, एवढाच तिचा मोठेपणा. मोठे छेद असतील तर मात्र लसावि काढण्यात वेळ जातो आणि तिथे पहिलीच रीत बरी.

### इथे काय काय चुकतं

चुकीचा अपूर्णांक उलटा होणं. ४/३५ × ५/२ = २/७. हे बरोबर उत्तराचं, ७/२ चं, उलटं रूप आहे. तुमचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराच्या नेमकं उलट आलं तर चूक हीच.

उलटं करण्याआधीच काट मारणं. ३/४ ÷ २/३ मध्ये भागाकाराचं चिन्ह असतानाच तिरपी काट मारली, ३ ला ३ ने आणि ४ ला २ ने, तर उरतं १/२ ÷ १/१ = १/२. खरं उत्तर ३/४ × ३/२ = ९/८. तिरपी काट फक्त गुणाकाराच्या चिन्हाला चालते. चिन्ह बदलेपर्यंत पेन्सिल उचलून धरा.

वरच्या दोन अंशांना आपसांत काट मारणं. काट अंश आणि छेद यांच्यातच मारायची. वरच्याला वरच्याशी नाही.

## पायरी ६: ताळा पाहा

मिळालेली बाजू आणि दिलेली बाजू यांचा गुणाकार करून क्षेत्रफळ परत येतं का ते पाहा. ७/२ × ५/२ = ३५/४ = ८ ३/४. आलं.

ताळ्यातच चूक करून बरोबर उत्तर खोडणारेही असतात. ३ १/२ × २ १/२ करताना ३ × २ = ६ आणि १/२ × १/२ = १/४, म्हणून ६ १/४, असं लिहिलं जातं. आयताची आकृती इथे पुन्हा कामाला येते. लांबीचे ३ आणि १/२ असे दोन भाग करा, रुंदीचे २ आणि १/२ असे दोन. आत चार खाने तयार होतात:

- ३ × २ = ६
- ३ × १/२ = १ १/२
- १/२ × २ = १
- १/२ × १/२ = १/४

बेरीज ८ ३/४. वरच्या चुकीत मधले दोन खाने, म्हणजे अडीच चौरस मीटर, गायब झाले होते.

उत्तर लिहिताना बाजूला मीटर लावा, चौरस मीटर नाही. आणि अतिसंक्षिप्त रूप द्या: ७०/२० सोडून देऊ नका.

## क्षेत्रफळाऐवजी परिमिती दिली असेल तर

इथे भागाकार फक्त दोनने, पण वजाबाकीत छेद जुळवावे लागतात आणि हातचा घ्यावा लागतो. त्यामुळे क्षेत्रफळापेक्षा इथे चुका जास्त होतात.

परिमिती १२ १/२ मी., लांबी ३ ५/६ मी. रुंदी?

१. परिमिती अर्धी करा. अर्धी परिमिती म्हणजे एक लांबी अधिक एक रुंदी. १२ चा अर्धा ६, अर्ध्याचा अर्धा पाव: ६ १/४. पूर्णांक विषम असेल तर जरा थांबा. १३ १/२ चा अर्धा काढताना १३ चे साडेसहा आणि अर्ध्याचा पाव, मिळून पावणेसात, ६ ३/४. घाईत ६ १/४ लिहिलं जातं, कारण तेरातला सुटा एक विसरला जातो.

२. छेद सारखे करा. ४ आणि ६ चा लसावि १२. ६ १/४ = ६ ३/१२ आणि ३ ५/६ = ३ १०/१२.

३. वजा करा. ३/१२ मधून १०/१२ जात नाहीत. ६ मधला एक सुटा करा. तो १२/१२ होऊन येतो: ६ ३/१२ = ५ १५/१२. आता ५ १५/१२ − ३ १०/१२ = २ ५/१२ मी.

सुटा केलेला एक म्हणजे १२/१२, दहा नव्हे. पूर्ण संख्यांच्या वजाबाकीत हातचा दहाचा असतो, त्या सवयीने ३ चे १३ केले जातात. हातचा छेदाएवढा असतो.

दुसरी चूक: 'मोठ्यातून लहान' म्हणून १०/१२ − ३/१२ = ७/१२ आणि ६ − ३ = ३, म्हणून ३ ७/१२. ताळा केला की ३ १०/१२ + ३ ७/१२ = ७ ५/१२, अर्ध्या परिमितीपेक्षा सव्वा मीटरच्या आसपास जास्त. उघड चूक.

तिसरी, सगळ्यात नेहमीची: अर्धं न करता परिमितीतून लांबी एकदाच वजा करणं. १२ १/२ − ३ ५/६ = ८ २/३. यात दोन रुंद्या आणि एक लांबी अजून शिल्लक आहेत. कडेभोवतीचा बाण काढला असेल तर डोळ्यांनाच दिसतं की लांबी दोनदा लागते.

अर्धी परिमिती दिलेल्या बाजूपेक्षा लहान किंवा तिच्याएवढी आली तर पुढे जाऊ नका. असा आयत असूच शकत नाही. आकडा उतरवताना चुकला आहे किंवा उदाहरणच चुकीचं आहे.

## बाजू न देता बाजूंचं नातं दिलं असेल तर

'रुंदी लांबीच्या २/३ आहे, परिमिती ८ १/३ मी.' अशा उदाहरणांत एकही बाजू सरळ दिलेली नसते. लांबीला 'ल' म्हणा.

अर्धी परिमिती = २५/३ ÷ २ = २५/६
ल + २/३ ल = ५/३ ल
५/३ ल = २५/६, म्हणून ल = २५/६ × ३/५ = ५/२

लांबी २ १/२ मी., रुंदी ५/२ × २/३ = ५/३ = १ २/३ मी. 'ल' मध्ये एक अख्खा 'ल' म्हणजे ३/३ असतो, म्हणून बेरीज ५/३ होते. इथे २/३ च लिहून पुढे जाणारे बरेच असतात.

परिमितीऐवजी क्षेत्रफळ दिलं तर वर्गमूळ घ्यावं लागतं. रुंदी लांबीच्या २/३, क्षेत्रफळ ३/८: ल × २/३ ल = ३/८, म्हणून ल × ल = ३/८ × ३/२ = ९/१६. वर्गमूळ अंशाचं वेगळं, छेदाचं वेगळं: ल = ३/४. रुंदी १/२. ताळा ३/४ × १/२ = ३/८.

भाषेकडे बारीक लक्ष द्या. 'रुंदी लांबीच्या १/४' म्हणजे गुणाकार. 'रुंदी लांबीपेक्षा १/४ मीटरने कमी' म्हणजे वजाबाकी. 'रुंदी लांबीपेक्षा लांबीच्या १/४ ने कमी' म्हणजे रुंदी लांबीच्या ३/४. तिन्ही वाक्यांत पावच आहे, आयत मात्र तीन वेगळे. 'च्या', 'ने' आणि 'पेक्षा' यांच्याखाली रेघ मारून मगच समीकरण मांडा.

कर्ण (समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ) आणि एक बाजू दिली असेल तर पायथागोरसचं प्रमेय: कर्णाचा वर्ग = दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज. कर्ण १ १/४, बाजू ३/४: २५/१६ − ९/१६ = १६/१६ = १, दुसरी बाजू १. आधी वर्ग, मग वजाबाकी, शेवटी वर्गमूळ. क्रम बदलू नका.

## कॅल्क्युलेटरबद्दल

३५ ÷ ४ ÷ ५ ÷ २ असं ओळीने दाबलं तर ०.८७५ येतं. यंत्र डावीकडून उजवीकडे जातं आणि शेवटच्या २ नेही भागून मोकळं होतं. कंसात टाका: (३५ ÷ ४) ÷ (५ ÷ २) = ३.५.

दशांशात आधीच रूपांतर करू नका. क्षेत्रफळ ५ चौ. मी., रुंदी १ २/३ मी. असेल तर ५ × ३/५ = ३ मी., नेमकं. पण १ २/३ ला १.६७ केलं की ५ ÷ १.६७ = २.९९४. तीन, सहा, सात, नऊ असे छेद असले की दशांश संपत नाही, आणि आपण तो कुठेतरी तोडतो. तोडायचाच असेल तर शेवटच्या ओळीत तोडा. छेद फक्त २ आणि ५ यांच्याच गुणाकारातून बनला असेल (२, ४, ५, ८, १०, २०, २५...) तर दशांश संपतो आणि कॅल्क्युलेटर बिनधोक वापरता येतो.

## हात बसण्यासाठी पाच उदाहरणं

१. क्षेत्रफळ ७/१२ चौ. मी., रुंदी ७/९ मी. लांबी?
२. क्षेत्रफळ ५ १/४ चौ. मी., लांबी २ ५/८ मी. रुंदी?
३. परिमिती ९ १/३ मी., लांबी पावणेतीन मी. रुंदी?
४. रुंदी लांबीच्या ३/५, परिमिती ६ २/५ मी. दोन्ही बाजू?
५. परिमिती ३ मी., लांबी १ ३/४ मी. रुंदी?

उत्तरं: (१) ३/४ मी. (२) २ मी.; २१/४ × ८/२१ मध्ये २१ ला २१ उडतात, म्हणून मोडण्याआधीच्या आकड्यांकडे पाहून घाबरायचं नसतं. (३) अर्धी परिमिती ४ २/३, तीतून २ ३/४ वजा, १ ११/१२ मी. २ ११/१२ आलं असेल तर हातचा घेतला पण पूर्णांकातून एक कमी करायचा राहिला. ११/१२ आलं असेल तर पावणेतीनचे ३ ३/४ झाले. (४) लांबी २ मी., रुंदी १ १/५ मी. (५) अर्धी परिमिती १ १/२, ती लांबीपेक्षाच लहान. असा आयत नाही.